अवसेला न गाणारी भट्टी

विणकराचं अर्धं अंग जमिनीत असतं. कमरेच्या वरचा माणूस घरात बसलेला दिसतो, कमरेखालचा खड्ड्यात असतो. हात वर धोटा फेकतात आणि पाय खाली अंधारात पावड्या दाबतात. आमच्याकडं काटोलच्या बाजूला नांगर धरणारा माणूस दिवसभर चालतो आणि संध्याकाळी शेताच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. विणणाराही दिवसभर चालतोच. पण त्याचं चालणं कापड होऊन गुंडाळलं जातं, आणि तो सकाळी जिथं होता तिथंच असतो.

नागपूरच्या तांडापेठेतला चंद्रभान धकाते मिसरूड फुटायच्या आत असा चालायला लागला. ही गोष्ट त्याची आहे, आणि एका भट्टीची.

धकात्यांचं घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत चूल, पुढच्या खोलीत माग. त्या घराचा एक अभिमान होता, आणि तो चंद्रभानचे वडील नत्थूजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. धकात्यांचा माग कधी रिकामा झाला नाही. ताणा, म्हणजे मागावर लांब ताणलेलं सूत, सरत आला की शेवटची हातभर सुतं मागाच्या दातेरी फणीत तशीच ओवलेली ठेवायची. नव्या ताण्याचं एकेक सूत त्यांच्या एकेका टोकाला पीळ देऊन सांधायचं. मग जुनं सूत नव्याला हात धरून पुढं नेतं. अशा गाठी मागं मागं मोजत गेलं असतं तर नत्थूजींच्या आजोबांनी चढवलेल्या पहिल्या ताण्यापर्यंत पोचता आलं असतं. फणी मोकळी करायची ती घर बुडालं तरच. सांधायचं काम बायांचं, खड्ड्यात उतरायचं पुरुषांचं. बाईनं खड्ड्यात पाय सोडायचा नाही, हा त्या घरचा नेम. आणि महिन्यात एक दिवस, अवसेला, अख्ख्या गल्लीत सुताला कोणी हात लावायचा नाही. तेवढा एक दिवस चंद्रभानचे पाय जमिनीच्या वर असत.

भट्टी कामठीहून आली. चंद्रभानचे मामा चंपतराव तिथल्या छावणीत साहेबांच्या मेसमध्ये आचारी होते. एके काळी त्या मेसमध्ये नाचगाण्याचा बँड वाजे. बँड गेला, त्याचं सामान कोठीत धूळ खात पडलं, आणि सत्तर सालाच्या आसपास कधीतरी ते निकालात निघालं. चंपतरावांनी भाच्यासाठी एक विजेवरची गिटार मागून घेतली, आणि तिच्याबरोबर एक जड खोका. गिटारीची मान जराशी वाकली होती. खोक्याच्या पुढं जाळी, आत स्पीकर, पाठीमागं काचेचे वाल्व. बटण दाबलं की ते वाल्व लगेच पेटत नसत. आधी काहीच होत नसे, मग काचेच्या पोटात निखाऱ्यासारखा तांबूस ठिपका दिसे, आणि थोड्या वेळानं खोक्यावर हात ठेवला तर शेकल्यासारखं वाटे. ॲम्प्लिफायर हा शब्द तांडापेठेच्या तोंडात बसला नाही. गल्लीनं त्याला भट्टी म्हटलं आणि तेच राहिलं.

तिच्याशी कसं वागावं हे कोणी शिकवलं नव्हतं. रुपराव नावाचा त्याचा मित्र गोळीबार चौकात रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं एवढंच बजावलं की स्पीकरची तार जोडल्याबिगर बटण दाबू नको, आतलं जळून जाईल. बाकी सगळं चंद्रभान मागावरून शिकला. खळ लावलेलं सूत सुकेपर्यंत जसं थांबावं लागतं तसं तो वाल्व तापेपर्यंत थांबे. तापलेली भट्टी हलवत नसे. भिंतीला टेकवली तर आवाज घुमून गढूळ होतो, हे त्याला कळलं तेव्हा त्यानं ती लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर दूर आणून ठेवली. आणि आवाजाच्या बटणाची जागा. ताणा फार ओढला तर सूत तुटतं, ढिला सोडला तर धोटा अडकतो. मधे एक जागा असते, तिथं सुताला बोट लावलं तर ते गुणगुणतं. बटणालाही तशी जागा होती. तिच्या अलीकडं आवाज स्वच्छ पण कोरा, पलीकडं नुसता गोंगाट. त्या जागेवर मात्र तार हळू छेडली तर सूर सायीसारखा येई, आणि जोरानं छेडली तर त्याच्या कडा किंचित फाटत, जसा रडून आलेल्या माणसाचा आवाज बोलताना फाटतो.

दुपारी नत्थूजींचा डोळा लागला की तो खड्ड्यातून पाय न काढताच गिटार मांडीवर घेई. सिनेमाची गाणी वाजवी, लग्नातली वाजवी, आणि बरंच काही असं वाजवी ज्याला नाव नव्हतं. अवसेला मात्र तो दिवसभर बाहेर भटके, भट्टी बंदच राही. शेजारी बाबनरावांनी पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूम बसवले होते. सकाळपासून दिवेलागणीनंतरपर्यंत तिथं खटाखट चाले. एक पॉवरलूम दिवसात जेवढं कापड काढी तेवढं काढायला नत्थूजींच्या घराला पंधरवडा लागे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या खटाखटीच्या वर तो सूर तरंगत असे. बाया धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरता भरता चरखा थांबवत.

मनोहरराव असेच थांबले. ते प्रतापनगरात राहत आणि त्यांची स्वतःची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. दिवाळीनंतर ती गाडी भरून निघे ती परासिया, बालाघाट, भिलाई, चंद्रपूर असं करत शिमग्याला परत येई. बाबनरावांकडं पडद्याच्या कापडासाठी आले होते. सूर ऐकून ते धकात्यांच्या दारात उभे राहिले आणि ऐकत राहिले. जाताना म्हणाले, अवसेला सुटी असते ना तुम्हा लोकांना, त्या दिवशी हे सामान घेऊन माझ्याकडं या. पार्टीतल्या मंडळींना ऐकवा. जमलं तर दिवाळीनंतर आमच्यासोबत चला.

चंद्रभानला गाव सोडून पळायचं नव्हतं. बापावर त्याचा राग नव्हता. बायकोत, गोपिकात, त्याचा जीव होता. पण रोज सकाळी खड्ड्यात पाय सोडताना त्याला आत काहीतरी बंद झाल्यासारखं होई, कोठीच्या दाराची कडी बाहेरून लागावी तसं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कापड विणणाऱ्याच्या घरात अशी गोष्ट सांगायची कशी? त्याला एक हिवाळा पाहिजे होता. एकच हिवाळा, पायांवर ऊन घेऊन फिरण्याचा.

आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला, गोपिका समया घासत बसली असताना, तो सायकलरिक्षात भट्टी घालून प्रतापनगरला गेला. नवी वस्ती, रुंद रस्ते, अंगणात कडुलिंब. मनोहररावांच्या दिवाणखान्यात पार्टीची मंडळी बसली होती. त्यानं पाट मांडला, भट्टी तापू दिली, बटण नेमक्या जागेवर आणलं आणि तार छेडली.

तो सूर आलाच नाही. जे आलं ते स्वच्छ होतं, मोठं होतं आणि कोरडं होतं, पत्र्यावर खडा पडल्यासारखं. त्यानं बटण मागं घेतलं, पुढं नेलं. जोरानं छेडलं तर आवाज फाटण्याऐवजी टोचू लागला. ढोलक वाजवणारे भैयाजी खाली बघत म्हणाले की यापरीस आपल्या चहावाल्याची केटली सुरात हाय. मंडळी हसली. मनोहरराव हसले नाहीत. त्यांनी तांडापेठेत स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पोळ्याच्या अवसेला परत या, ते म्हणाले, पण ती शेवटची. गणपती बसायच्या आत मला माणसं ठरवावी लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं घरी भट्टी लावली. ती गायली. जशी रोज गायची तशीच.

चंद्रभाननं त्यावर खूप विचार केला आणि जे मनात आलं ते विणकराच्याच मनात यावं असं होतं. त्याला वाटलं, हा खड्ड्याचा गुण आहे. सुताला ओल लागते. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत कडकतं आणि तुटतं, म्हणून खड्ड्यात आणि मागाखाली पाणी शिंपडतात. सूत खड्ड्याच्या ओलाव्यावर जगतं, तसा सूरही जगत असेल. प्रतापनगरची फरशी कोरडी, म्हणून सूर कडकला. मग तो महिनाभर ओल घेऊन भट्टीच्या मागं लागला. तिच्याभोवती ओली पोती टांगली. मडक्यात पाणी भरून शेजारी ठेवलं. शेवटी पोती काढली आणि भट्टीच खड्ड्यात, स्वतःच्या पायाशी उतरवली. रोज ती गाई. रोज त्याला वाटे, हाच तो उपाय. रुपरावनं ओल्या पोत्यांचं ऐकलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, आतलं तांब्याचं वेटोळं भिजून मेलं तर मी काय, माझा गुरूही जिवंत करणार नाही.

नत्थूजी कोपऱ्यातल्या खाटेवर असत. त्यांचे गुडघे कधीच निकामी झाले होते. ते खड्ड्यात डोकावून म्हणाले, “म्या एक माणूस बसवला होता गा. त्यानं संग पाहुणा आनून ठेवला.”

पोळ्याची सकाळ. गल्लीतून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. माग पांघरुणाखाली होता, बाबनरावांची शेड बंद होती, आणि त्या शांततेत कितीतरी दिवसांनी शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येत होतं. दुपारी प्रतापनगरला जायचं होतं. निघण्याआधी मन घट्ट करायला म्हणून चंद्रभाननं भट्टी खड्ड्यातच लावली. खड्डा शिंपलेला, पोती बाजूला घडी करून ठेवलेली. त्यानं काठावर बसून तार छेडली.

पत्र्यावर खडा पडला.

त्यानं परत छेडली. तोच खडा. तोच खड्डा, तीच ओल, तीच भट्टी. खड्ड्याचा गुण म्हणत होतो, आणि आज खड्ड्यातही हिचं तोंड फिरलं. तो बसून राहिला, पाय आत सोडून, अवस असून.

गोपिका आतल्या खोलीच्या उंबऱ्यात दिव्याखाली पुरणाची दाळ निवडत होती. तिला त्याच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं, पण त्यावर काय बोलावं ते सुचत नव्हतं. म्हणून ती दुसरंच काही बोलली.

“अवसेचं बरं राहते, अजी. दिवा कसा पांढरा. दाळीतला खडा झटकन दिसते.”

तो ऐकत नव्हता. मग ऐकू आलं. “आन रोज?”

“रोज लाल राहते. पिकल्या टेंभरासारखा. कांडी भरताना मले गाठ दिसत नाही, बोटानं चाचपा लागते. त्या बाबनरावच्या शेडनं सारी लाईट ओढून घेतली का घरात काय उरते?”

चंद्रभाननं वर बघितलं. दिवा पांढरा होता. त्यानं दिव्याकडं बघितलं, मग बंद शेडच्या भिंतीकडं, मग भट्टीकडं. प्रतापनगरातही दिवा असाच पांढरा होता, भर दुपारी दिवाणखान्यात लावलेला. तिथं शेजारी शेड नव्हती. गुण ओलीचा नव्हता, खड्ड्याचा नव्हता, पाटाचाही नव्हता. पोटभर वीज मिळाली की भट्टी ओरडते. अर्धपोटी ठेवली की गाते. रोज शेजारचे पॉवरलूम तिच्या तोंडचा घास काढून नेत, आणि त्या उपासातून तो सूर येत असे.

त्याला हे कळलं तेव्हा आनंद झाला नाही. आधी दुसरंच कळलं. ज्या दिवशी भट्टी गाते त्या दिवशी आपण खड्ड्यात असतो, आणि ज्या दिवशी आपण मोकळे असतो त्या दिवशी शेड बंद असते. हे कोणी मुद्दाम विणलं असतं तरी इतकं घट्ट विणता आलं नसतं.

तो रुपरावच्या घरी गेला. रुपराव बैलांना बघायला निघालाच होता. चंद्रभाननं विचारलं की विजेला वाटेत अडवून तिचं थोडं खाऊन टाकणारं काही असतं का. रुपराव आत जाऊन एक लाकडी फळी घेऊन आला. तिच्यावर एक होल्डर, एक खटका आणि एक मोठा बल्ब. बिघडलेला रेडिओ तो आधी त्या फळीवर लावून बघायचा. वीज पहिले बल्बातून जाते, मग रेडिओत, आणि बल्ब आपला वाटा ठेवून घेतो. रुपराव म्हणाला, “बल्ब लहान लावला त जास्त खाईन, मोठा लावला त कमी. तुह्या भट्टीले कितीक उपाशी ठेवा लागते ते तुले मालूम.”

प्रतापनगरला मंडळी जमली होती. भैयाजींनी फळीवरचा बल्ब बघून विचारलं की आता भट्टीले दृष्ट लागू नये म्हून दिवा का गा. चंद्रभान फळी मांडत राहिला. त्यानं भट्टी लावली. बल्ब क्षणभर लखकन पेटला, मग बसत बसत तांबूस झाला. वाल्व तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मंडळी चुळबुळत होती. मग त्यानं तार छेडली, हळूच.

साय.

त्यानं जोरानं छेडली. सुराच्या कडा फाटल्या, आणि त्याच वेळी फळीवरचा बल्ब उजळला. सूर विरत गेला तसा बल्बही मंदावत गेला. परत छेडली, परत उजळला. जणू सूर कानांआधी डोळ्यांना दिसत होता. भैयाजींनी ढोलक बाजूला ठेवली आणि पुढं सरकून, मांडी घालून, लहान पोरासारखे त्या बल्बाकडं बघत बसले. मनोहररावांनी तो सूर संपूर्ण विझू दिला आणि मग एवढंच म्हणाले की दिवाळीच्या पाडव्यानंतर गाडी निघेल.

घरी आल्यावर त्यानं बापाला सांगितलं. बाहेर कोणीतरी झडत्या, पोळ्याची गमतीदार कवनं, म्हणत होतं आणि लोक हसत होते.

“जा बाप्पा,” ते म्हणाले. “म्या नाही अडवत. पन बसनारा नसला त माग ठेवून काय करतं? जाच्या आंधी फनी आपल्या हातानं मोकळी करून जा.”

त्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

दिवाळीपर्यंत तो विणत राहिला. ताणा सरत आला. रोज नवं कापड पुढं गुंडाळलं जाई आणि मागची सुतं जवळ येत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हातभरच उरली. इथं नवा ताणा सांधायचा, नाहीतर कापायचं. कात्री त्यानं स्वतःच आणून ठेवली होती. तो खड्ड्यात बसला, फणीपलीकडची सुतं त्यानं मुठीत धरली. त्या मुठीत त्याच्या मेलेल्या आईनं, रुख्माबाईनं, बांधलेल्या गाठींचं सूत होतं, तिच्या सासूच्या गाठींचं होतं. खरं म्हणजे ते सूत कधीच विणलं जाऊन, विकलं जाऊन, कोणाच्या तरी अंगावर फाटून गेलं होतं. मुठीत होतं ते फक्त त्यांचं शेवटचं टोक. पण त्याची बोटं कात्रीत जाईनात. नत्थूजी खाटेवरून बघत होते. खाली जमिनीत त्याचे पाय जणू कोणी धरून ठेवले होते.

गोपिका नव्या ताण्याचा गुंडाळा घेऊन आली आणि मागाजवळ बसली. तिनं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि लांब सरकवली.

“मी सांधीन,” ती म्हणाली. “आन मीच बसीन. तुमी या जाऊन.”

मग नत्थूजी उठले, भिंत धरत धरत बाहेर गेले आणि ओट्यावर घराकडं पाठ करून बसले. त्यांनी हो म्हटलं नाही. नाही म्हणायलाही ते आत आले नाहीत. गोपिकानं पदर खोचला आणि पहिल्या सुताला पीळ दिला.

तो हिवाळा चंद्रभानला मिळाला. गाडीच्या टपावर सामानाशेजारी बसून त्यानं सातपुड्याचे घाट पाहिले. पायांवर ऊन घेतलं. परासियाला कोळशाच्या खाणीतून वर आलेली माणसं आंघोळ करून पुढच्या रांगेत बसली आणि गाण्यापेक्षा त्या बल्बाकडंच बघत राहिली. भिलाईला लोकांनी चिठ्ठी पाठवून त्यालाच परत वाजवायला लावलं. गावागावात तो आधी दिवा बघे. दिवा पांढरा असला तर मोठा बल्ब काढून लहान लावी, लाल असला तर फळी लावतच नसे. पार्टीतली पोरं त्याला बल्बवाले भाऊ म्हणू लागली. तो सुखात होता, हे मी पदरचं घालत नाही, त्यानंच मला सांगितलं. फक्त वाजवताना बल्ब मंदावत जाऊन टेंभरासारखा झाला की त्याला एक उंबरा दिसे आणि गाठ चाचपणारी बोटं. मग तो लवकर पुढची तार छेडी.

शिमग्याला तो परत आला. दुपारची वेळ. शेडची खटाखट चालू होती. दारातून त्याला गोपिका दिसली. कमरेच्या वरची गोपिका. बाकीची खड्ड्यात होती.

तिचा धोटा त्याच्यासारखा झपकन जात नव्हता, पण थांबतही नव्हता. नत्थूजी खाटेवर बसून तिच्यासाठी कांड्या भरत होते. या घरात पुरुषानं चरख्याला हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. म्हातारा मान वर न करता म्हणाला, “आला का?” आणि परत भरू लागला.

संध्याकाळी गोपिका पाण्याला गेली तेव्हा चंद्रभाननं गुंडाळलेलं कापड थोडं उलगडून बघितलं. विणकराचा हात बदलला की कापडावर पट्टा दिसतो, ठोक वेगळा पडतो, ते लपत नाही. इथंही होता. पट्ट्याच्या अलीकडं त्याचा घट्ट हात. पलीकडं आधी विरळ, वाकडंतिकडं, मधेच चुकून परत उसवलेलं, आणि मग वीतवीत पुढं जाताना सरळ होत गेलेलं. त्यानं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

ती आल्यावर तो म्हणाला की आता मी बसतो. ती म्हणाली, “हा ताना सरू द्या. मधी बसले त आनखी एक पट्टा पडन.” म्हणून तो ताणा सरेपर्यंत तीच बसली. चंद्रभान लाल दिव्याखाली बसून कांड्या भरू लागला आणि त्याला कळलं की सुताची गाठ खरंच दिसत नाही.

एके दुपारी ती खड्ड्यातून वर आली आणि काठावर बसून तळपाय चोळू लागली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

“खाली पाय लय थंड पडते,” ती म्हणाली. “आन छातीत कोंडल्यासारखं होते. तुमी कधी बोललेच नाही.”

न सांगताही तिला हे ठाऊक असेल, असं तो धरून चालला होता. आणि आता माहीत झालं होतं तेही त्याच्या सांगण्यानं नव्हे.

पुढच्या दिवाळीआधी मनोहरराव स्वतः आले. भिलाईवाल्यांनी नाव घेऊन विचारलंय, म्हणाले. गोपिका आतून बाहेर आली आणि तिनं सांगितलं की जा, मी बसीन. तिला तसंच वाटत होतं, ती मनातलंच बोलत होती. दार उघडं होतं. बाप अडवत नव्हता, बायको अडवत नव्हती. नत्थूजी तर म्हणाले की सुनेचा हात आता पोरापेक्षा बरा पडते.

चंद्रभान गेला नाही. मनोहररावांना तो म्हणाला, “पहिले मले वाटे, खड्ड्यात मी हाव म्हून मी अडकलो. मंग मी भायेर गेलो त खड्डा काही रिकामा झाला नाही.” मनोहररावांना हे किती समजलं कोण जाणे. त्यांनी पान खाल्लं आणि ते गेले. त्या वर्षी पार्टीनं परदेशी बनावटीचा नवा ॲम्प्लिफायर घेतला म्हणतात. त्यात वाल्व नव्हते.

ऐंशी साल उलटल्यावर मी त्या घरी गेलो, तेव्हा नत्थूजी नव्हते. गल्लीत हातमाग दोन उरले होते आणि बाबनरावांच्या शेडला आणखी एक शेड जोडली होती. माग रिकामा झालेला नव्हता. कापायला चंद्रभानचा हात अजून होत नव्हता, आणि गोपिकाला परत खाली बसवायला मन होत नव्हतं. म्हणून तोच बसे. वाल्वांपैकी एक जुना झाला होता, तापायला वेळ घेई. तोही वेळ देई.

मी गेलो तो दिवस अवसेचा होता. शेड बंद, दिवा पांढरा. माग पांघरुणाखाली. जेवणं झाल्यावर गोपिकानं कोनाड्यातली लाकडी फळी काढली, बल्ब पदरानं पुसला आणि स्वतःच्या हातानं भट्टीला जोडली. हे काम तिचं होतं. तिनं बल्ब पेटून तांबूस होऊ दिला, बघितला, मान हलवली, जास्त वाटला म्हणून काढून दुसरा लावला. मग ती भिंतीला टेकून, पाय समोर लांब पसरून बसली. चंद्रभाननंही पाय पसरले. त्यानं तार छेडली आणि बल्ब उजळला.

तो बराच वेळ वाजवत होता. त्या दोन खोल्यांच्या बाहेर त्या दुपारी गल्लीत कोणी थांबलं की नाही ते मला माहीत नाही. गोपिकाची नजर बल्बावर होती आणि हात मांडीवर मोकळे पडले होते.

मी रात्री तिथंच मुक्काम केला. सकाळी बाबनरावांच्या दोन्ही शेड सुरू झाल्या. दिवा लाल झाला. गोपिकानं फळी कोनाड्यात ठेवली, मागाखाली पाणी शिंपडलं, आणि चंद्रभान खड्ड्यात उतरला.